मागचे डिस्क ब्रेक, एकटा माणूस आणि हत्यारांची शोधाशोध: एक प्रकरण

गाडी साधारण दहा वर्षं वापरलेली हॅचबॅक. चारही चाकांना डिस्क, मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, आतच हँडब्रेकची यंत्रणा, वायर ओढून चालणारी. मालक माझा जुना मित्र, साधी कामं स्वतः करणारा, घरी गोटी पान्यांचा सेट, जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) वगैरे सगळं असलेला. तक्रार अशी की मागून उजव्या बाजूने करकर येते, पेडल पहिल्यासारखं कडक लागत नाही आणि ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालंय. पॅड बदलायचे, ऑइल पूर्ण बदलायचं, आणि हे सगळं एकट्याने, कारण पेडल दाबायला दुसरं कोणीच नव्हतं. काम त्याने केलं, मी फोनवर होतो आणि हत्यारं शोधण्यात मदत केली. प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात पॅड बदलणं हा सोपा भाग होता, खरा वेळ गेला तो कुठलं हत्यार घ्यायचं आणि ते आपल्या गाडीला बसेल का हे ठरवण्यात, आणि याबद्दल कुणी नीट लिहीत नाही.

पहिल्याच फोनवर त्याने मला एक भलीमोठी यादी वाचून दाखवली. व्हॅक्यूम पंप, प्रेशर ब्लीडर, पिस्टन टूल, स्प्रिंगची पकड, अजून काय काय. मी म्हटलं, अरे, ही यादी बाजूला ठेव आणि आधी मला सांग की दुसरा माणूस असता तर त्याने नेमकं काय केलं असतं? पेडल दाबून धरलं असतं, सोड म्हटल्यावर सोडलं असतं, तू चाकापाशी असताना ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवलं असतं, कॅलिपर हातात धरला असता, आणि शेवटी तू घट्ट केलेला नट एकदा बघितला असता. ही पाच कामं. एकट्याने ब्रेक करायचे तर या प्रत्येक कामाला काहीतरी पर्याय लागतो, बाकीचं सगळं शोभेचं. स्प्रिंगची पकड तर ड्रम ब्रेकला लागते, त्याच्या गाडीला ड्रमच नाहीत, तरी यादीत होती.

गाडी घोड्यांवर चढवणं यावर फार लिहीत नाही, सपाट कडक जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे कारण मागे काम करताना हँडब्रेक सोडलेला असणार, आणि जॅकवर नुसती टेकवलेली गाडी म्हणजे काम सुरूच करायचं नाही. काढलेलं चाक दाराखालच्या सिलखाली आडवं सरकवून ठेवायचं. एकटा असताना हे जास्तच महत्त्वाचं, मदतीला हाक मारायला कोणी नसतं, फोन खिशात हवा.

चाक काढल्यावर दिसलं ते असं: उजव्या मागच्या कॅलिपरचा आतला पॅड जेमतेम २ मिमी उरलेला आणि बाहेरचा ६ मिमीच्या आसपास. एवढा फरक दिसला की नुसते पॅड बदलून भागत नाही. या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो आणि मग पूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर. काढून पाहिलं तर खालच्या पिनेवरचं ग्रीस वाळून काळं खडबडीत झालेलं. पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. इथे साधं पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं आणि महिन्या दोन महिन्यात पिन परत जाम. दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश होता, ती जिथून काढली तिथेच परत घालायची, म्हणून काढतानाच फोटो.

आणि कॅलिपर हातात धरायला माणूस नाही हे काम दोन इंची एस आकाराच्या हुकाने झालं. कॅलिपर स्प्रिंगला टांगून ठेवायचा, होजवर, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळू द्यायचा नाही, होज आतून फाटली तर बाहेरून कळतही नाही. तयार हुक मिळतात पण जाड तार वाकवूनही होतं, या एका गोष्टीवर पैसे घालू नका.

आता पिस्टन. पुढच्या चाकांचा पिस्टन सी क्लॅम्पने सरळ आत दाबला जातो, जुना पॅड मध्ये धरायचा आणि हळूहळू फिरवायचं, झालं. मित्राने मागेही तेच करून पाहिलं, पिस्टन हलेना, जोर वाढवायच्या आधी त्याने फोन केला हे फार बरं केलं. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेक आतच असेल तर पिस्टन एका आटे असलेल्या दांड्यावर बसलेला असतो, पॅड झिजत जातो तसा तो त्या आट्यांवर पुढे येऊन स्वतःला ॲडजस्ट करतो. त्यामुळे तो नुसता दाबून आत जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. सी क्लॅम्पने जोर लावला तर आतली यंत्रणा तुटते आणि मग पूर्ण कॅलिपरच बदलायचा. ज्यांच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आहे त्यांनी तर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) गाडी सर्व्हिस मोडमध्ये घातल्याशिवाय हात लावू नये, तिथे मोटर असते. मित्राची वायरवाली म्हणून आपण वाचलो.

यासाठी दोन प्रकारची टूल मिळतात. एक ठोकळा, सहा बाजूंना वेगवेगळ्या खुंट्या असलेला, तो रॅचेटला लावून पिस्टन फिरवायचा. स्वस्त असतो, पण तो फक्त फिरवतो, दाबायचं काम तुमच्या हाताने, आणि एका हाताने कॅलिपर धरून दुसऱ्या हाताने दाबत फिरवायचं म्हणजे एकट्याला तिसरा हात लागतो. खुंट्या घसरतात, डस्ट बूट (पिस्टनभोवतीचं रबरी आवरण) फाटतो. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रूवाला किट, त्याची मागची प्लेट कॅलिपरला टेकते आणि हँडल फिरवलं की दाब आणि फिरकी दोन्ही एकदम मिळते. एकट्याने करणाऱ्याने हाच घ्यावा, यात माझं ठाम मत आहे.

पण किट म्हटल्यावर पण भानगड आहेच. किटमध्ये दहा वीस गोल चकत्या येतात, प्रत्येकीवर खुंट्यांची जागा वेगळी, आणि आपल्या पिस्टनला कुठली बसेल हे डब्यावर लिहिलेल्या गाड्यांच्या यादीवरून ठरवू नये. मित्राला मी सांगितलं की पिस्टनचं तोंड साफ कर, खाचा किती आहेत मोज, समोरासमोरच्या दोन खाचांमधलं अंतर व्हर्नियरने घे आणि समोरून सरळ फोटो काढ. त्याच्या पिस्टनला चार खाचा निघाल्या. ही मापं हातात असताना किट निवडणं पाच मिनिटांचं काम झालं, त्याआधी तो दोन संध्याकाळी नुसता फोटो बघत बसला होता. दुसरं बघायचं म्हणजे किटमध्ये उजवे आणि डावे असे दोन्ही आट्यांचे स्क्रू आहेत का. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंचे पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातात, पण काहींत एका बाजूचा उलटा असतो, आणि उलटा फिरवला की पिस्टन आत जायच्या ऐवजी बाहेर येतो. पहिल्या अर्ध्या फेरीतच कळतं, फक्त लक्ष हवं.

शोधताना अजून एक गोष्ट कामाला आली. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये प्रत्येक स्पेशल टूलला नंबर दिलेला असतो. कंपनीचं ते मूळ टूल घ्यायची गरज नाही, पण तो नंबर टाकून शोधलं की त्याला पर्याय म्हणून बनवलेली दुसऱ्यांची टूल सापडतात, आणि मॅन्युअलमधल्या चित्रात ते टूल नेमकं काय करतं तेही दिसतं. शिवाय कॅलिपर बनवणारी कंपनी गाडीच्या कंपनीपेक्षा वेगळी असते, कॅलिपरच्या अंगावर तिचं नाव किंवा खूण कोरलेली असते, तीही शोधात घाला. नुसतं गाडीचं मॉडेल आणि ब्रेक टूल एवढंच टाकलं तर जे विकायचं असतं तेच समोर येतं.

पिस्टन फिरवायच्या आधी हँडब्रेक पूर्ण सोडलेला हवा, आणि टाकीतलं थोडं ऑइल मोठ्या सिरिंजने काढून ठेवायचं कारण पिस्टन मागे गेला की ऑइल वर येतं आणि ओसंडलं तर रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका. डस्ट बूटच्या ओठाला ताज्या ब्रेक ऑइलचा एक थेंब लावला की पिस्टनबरोबर बूट पिळला जात नाही. आणि पिस्टन आत गेल्यावर थांबायचं नाही, खाचा बघायच्या. कित्येक गाड्यांत आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटं बोंड असतं, ते खाचेत बसलं पाहिजे, नाहीतर पॅड तिरका बसतो आणि तिरकाच झिजतो. मित्राला शेवटची पाव फेरी मागे घ्यावी लागली तेव्हा ते जुळलं.

आता लाइनमधली एअर, म्हणजे हवा, काढणं आणि ऑइल बदलणं, म्हणजे ज्याच्यासाठी सगळे म्हणतात की दुसरा माणूस लागतोच.

आधी निप्पल, म्हणजे कॅलिपरवरचा छोटा स्क्रू, तो सैल केला की ऑइल आणि हवा बाहेर येते. दहा वर्षांचे निप्पल गंजलेले असतात आणि आतून पोकळ, तुटायला वेळ लागत नाही. फिक्स पान्याने कडा गोल होतात, म्हणून सहा कोनी गोटी किंवा रिंग पाना. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, सकाळी आधी अगदी किंचित घट्ट करायच्या दिशेने आणि मग सैल, असं मागे पुढे. ब्रेकच्या पाइपचे नट सोडायचे असतील तर फ्लेअर नट पाना लागतो, तो रिंगसारखाच पण पाइप आत जायला तोंड कापलेलं, सहापैकी पाच बाजू धरतो. मित्राला पाइप सोडायचेच नव्हते, तरी तो पाना यादीत वर होता, मी खाली ढकलला. उजवा मागचा निप्पल खराब झाला होता, तो नवीन घ्यायचा तर एम७, एम८ की एम१० आणि आट्यांचा पिच १ की १.२५ हे मोजूनच घ्यावं लागतं, डोळ्याने सारखेच दिसतात.

मग पद्धत. चार पर्याय समोर होते आणि चारही त्याने थोडे थोडे तपासले.

एकतर्फी व्हॉल्व्हची नळी किंवा तसे निप्पल: तुम्ही पेडल मारता, ऑइल बाहेर जातं, पेडल सोडल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो आणि हवा परत आत जात नाही. चालतं. पण तुम्ही सीटवर आणि नळी मागच्या चाकापाशी, बुडबुडे दिसत नाहीत, टाकी रिकामी होते आहे का दिसत नाही. फोनचा कॅमेरा नळीवर लावून दुसऱ्या फोनवर बघता येतं, लोक करतात. शिवाय जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत मारलं तर मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर जिथे ऑइलला दाब मिळतो तो भाग) सील अशा भागात जातो जिथे तो वर्षानुवर्षं गेलेला नसतो, तिथे गंज किंवा कीट असतं, आणि सील कापला जाऊ शकतो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला तर हा धोका जातो.

हाताचा व्हॅक्यूम पंप: त्याला एकाकडून तात्पुरता मिळाला. निप्पलला लावला, ओढलं, आणि बुडबुडे थांबेचनात. त्याला वाटलं पूर्ण लाइनमध्ये हवा भरली. मी म्हटलं, निप्पल बंद करून पंप ओढ आणि काटा बघ. काटा स्थिर राहिला, म्हणजे नळी आणि जोड ठीक. निप्पल उघडला की परत बारीक, एकसारखे बुडबुडे. ही हवा लाइनमधली नसते, निप्पलच्या आट्यांमधून बाहेरची ओढली जाते, व्हॅक्यूम पद्धतीचा हा स्वभावच आहे. आट्यांवर बाहेरच्या बाजूला जाडसर सिलिकॉन ग्रीस लावलं तर कमी होतं, पण मग कधी थांबायचं हे बुडबुड्यांवरून ठरवता येत नाही, आणि एकट्या माणसाकडे तेवढीच तर खूण असते. म्हणून हा पंप माझ्या मते जुनं ऑइल उपसायला चांगला, शेवटची खात्री करायला नाही.

गुरुत्वाकर्षण, म्हणजे निप्पल उघडून नुसतं ठिबकू द्यायचं: फुकट, सुरक्षित, पण फार हळू, आणि अडकलेला बुडबुडा हलेलच असं नाही.

प्रेशर ब्लीडर: टाकीच्या तोंडावर झाकण बसवायचं, पंपाच्या डब्यात ताजं ऑइल भरून हवेचा दाब द्यायचा, आणि तुम्ही आरामात चाकापाशी बसून निप्पल उघडायचा. पेडल दाबणारा माणूस आणि टाकीवर लक्ष ठेवणारा माणूस, दोघांचं काम एकच वस्तू करते. एकट्यासाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही. मित्राने हेच ठरवलं आणि मग तीन आठवडे अडकला, कारण झाकण.

पंप सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात, काम करतं ते झाकण. बऱ्याच युरोपियन गाड्यांच्या टाकीला ४५ मिमी आट्यांचं झाकण लागतं आणि ते पंपाबरोबरच येतं. मित्राच्या टाकीला असे आटे नव्हते, पाव फेरी फिरवून अडकणारं झाकण होतं. सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून एक सपाट रबरी प्लेट मिळते, साखळ्या टाकीखालून घालून ती वर आवळायची. त्याच्या टाकीखाली साखळी घालायला जागाच नव्हती, वायरिंग आणि ब्रॅकेट. त्याने प्लेट मागवायच्या आधी मी त्याला टाकीखाली दोरी घालून बघायला सांगितलं आणि दोरीच जाईना, म्हणून ते पैसे वाचले.

शेवटी मार्ग निघाला तो साधा. त्याच गाडीच्या टाकीचं एक जुनं झाकण मिळवलं, मध्ये भोक पाडून नळीचा जोड रबरी वॉशरसकट बसवला. इथे एक गोष्ट सुटते ती लिहून ठेवतो: टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक वाट ठेवलेली असते, कारण ऑइल खाली जातं तशी वर हवा यावी लागते. ती वाट बुजवल्याशिवाय झाकण दाब धरतच नाही. त्याने झाकण आतून उघडून ती बुजवली. हे झाकण फक्त या कामापुरतं, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून ठेवायला लावला, चुकून गाडीवर राहिलं तर ब्रेकला त्रास.

ऑइल न भरता आधी नुसत्या हवेने तपासणी. १ बार, म्हणजे साधारण १५ पीएसआय, एवढा दाब देऊन पाच मिनिटं काटा बघायचा. पहिल्यांदा उतरला, साबणाच्या पाण्याने जोडापाशी गळती सापडली, वॉशर बदलल्यावर स्थिर. हवेची गळती म्हणजे थोडा फुसफुसाट, तीच ऑइल भरल्यावर झाली असती तर बॉनेटखालचा सगळा रंग गेला असता. जास्त दाब देण्यात काही अर्थ नाही, टाकी प्लास्टिकची आहे.

ऑइल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, त्याच्याकडे डॉट ४. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातली, ग्लायकोलवाली, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, नंबर जवळचे म्हणून गल्लत होते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ ला ताजं असताना उकळबिंदू किमान २३० अंश लागतो आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत किमान १५५ अंश, एवढा फरक पडतो, म्हणून बऱ्याच कंपन्या दर २ वर्षांनी बदलायला सांगतात आणि म्हणून उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरू नये. एक लिटरचा सीलबंद डबा पुरला. चाकांचा क्रम मॅन्युअलमधून घेतला, लांबचं चाक आधी हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. निप्पल अर्धी फेरी उघडून, पारदर्शक नळी बाटलीत, तपकिरी जाऊन सोनेरी येईपर्यंत. चार चाकं मिळून तासाभरात झाली, एकदाही आत बाहेर पळावं लागलं नाही. शेवटी दाब आधी हळूच सोडून मगच झाकण उघडायचं.

उरलं पाचवं काम, दुसऱ्या माणसाची नजर. याला उत्तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की सांगणारा पाना, आणि मी तर म्हणेन एकट्याने ब्रेक करणाऱ्याने पहिली खरेदी हीच करावी. पिनेचे बोल्ट, ब्रॅकेटचे बोल्ट, चाकाचे नट, प्रत्येकाचा आकडा मॅन्युअलमधून काढून कागदावर लिहिला आणि घट्ट केल्यावर पेनाने खूण, बोल्टवर पण आणि कागदावर पण. निप्पलला लागतो फार कमी टॉर्क, १० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि मोठा रेंच त्याच्या रेंजच्या खालच्या टोकाला भरवशाचा नसतो, तिथे छोटा रेंच हवा.

जोडून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू बऱ्याचदा मारलं आणि ते कडक झाल्यावरच हँडब्रेकला हात लावला, म्हणजे पिस्टन आधी जागेवर येतो. पेडल दाबून धरलं, खाली सरकलं नाही, मग इंजिन चालू केल्यावर थोडं खाली येऊन थांबलं, म्हणजे बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) ठीक. निप्पलपाशी कोरड्या कागदाने पुसून गळती बघितली. पहिली फेरी चालण्याच्या वेगाने, मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक मारत, मध्ये थंड होऊ देत, नवीन पॅड बसवून घेतले. नंतर चाकाचे नट परत तपासले. करकर गेली, पेडल वरच धरतं, आणि पुढच्या वेळी बघितलं तेव्हा दोन्ही पॅड सारखे झिजत होते, म्हणजे पिनांचं काम बरोबर झालं होतं.

मागवलेल्यातलं स्क्रूवालं किट आणि टॉर्क रेंच ठेवण्यासारखे. व्हॅक्यूम पंप परत दिला. फ्लेअर नट पाना अजून घेतलेला नाही, पाइप सोडायची वेळ येईल तेव्हा घेईल. एक काम मात्र त्याने मुद्दाम स्वतःकडे घेतलं नाही: टाकी रिकामी होऊन एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉकमध्ये हवा गेली असती तर. तिथले व्हॉल्व्ह स्कॅनरने चालू बंद करून ती हवा काढावी लागते, बाहेरून कितीही दाब दिला तरी पेडल स्पंजीच राहतं. तसं झालं असतं तर गाडी न चालवता उचलून गॅरेजला न्यायची हे काम सुरू करायच्या आधीच ठरलं होतं, आणि टोइंगवाल्याचा नंबर टॉर्कच्या त्याच कागदावर वर लिहून ठेवला होता.